उसनं नाक

वाळपईच्या इस्पितळात हर्नियासाठी रक्त घेतलं.
कागद बघून डॉक्टरीण म्हणाली,
तुम्हाला कोविड होऊन गेलाय, बाबा. रक्तात खुणा आहेत.
मी म्हटलं, कधी?
म्हणाली, तारीख रक्त सांगत नाही.

बसस्टॉपवर येईपर्यंत
तारीख मला ठाऊक झाली होती.

शिमग्याच्या आधीचा आठवडा. पहिले बोंडू पडत होते.
समीप कळंगुटहून आला, शॅकवरची दोन दिवसांची सुट्टी,
दोन्ही दिवस खोकला,
आणि परत गेला गोऱ्यांना खुर्च्या मांडायला.
मग मी पडलो.
अंग असं, की कुणी कोळमीत घालून तुडवलंय.
मलेरिया नाही, डेंगू नाही, टायफॉइड नाही.
तीन नाही खिशात घालून घरी आलो.
प्रभावती म्हणाली, राखणदाराचा रोट चुकलाय.
रोट दिला. वर कोंबडा दिला.
ताप उतरला, तेव्हा हिशेब मिटला असं धरलं.

फक्त भाटीवर बसलो
आणि भाणाला वास नव्हता.

हे कसं सांगू?
चाळीस वर्षं मी हुर्राक नाकानं मोजलाय.
धार कधी बदलणार, जळकं कधी उतरणार,
ते आधी नाकाला कळतं, मग मला.
आता नाकात काहीच नाही.
डोळ्यांना झोंबत होता,
म्हणजे धूर होता.

कुणाला सांगितलं नाही. सगुणला सांगितलं.
सगुण गावस, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा,
हसला, पान थुंकला,
तुझं गेलं तर माझं घे, म्हणाला.
भाडं रोजची एक करटी.

आठ दिवस खांद्याला खांदा लावून बसला.
एकाच करटीतून मी घोट घ्यायचो, मग तो.
मला पाणीच लागायचं.
तो डोळे मिटून म्हणायचा, थांब. थांब अजून.
आता काढ.
त्या वर्षीचा हुर्राक असा उतरला की काय सांगू,
आणि प्यायला यायला माणसांना रस्ते उरले नाहीत.

एप्रिल उजाडायच्या आत सगुण गेला.
टाळेबंदी. चौघांनी नेला, मी लांबून बघितला.
कागदावर वय लिहिलं.
वय होतंच, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.
मीही नाही.

परवा त्याची सून आली, सुलक्षा,
आमचा गराफांव परत द्यायला.
अंगणात बसली. बोलता बोलता म्हणाली,
मामा शेवटी माझं ताट सरकवून द्यायचे.
चव नाही म्हणायचे. हुमण केलं,
तिरफळं घालून बांगडा केला, पेज केली नुसती.
एकदा वैतागून बोलले मी त्यांना,
तुमच्या तोंडालाच चव नाही, त्याला मी काय करू?
ते अजून टोचतं हो.

मी म्हटलं, बाय,
तुझ्या हातची चव कुठे गेली नव्हती.
त्याला तोच रोग होता. मला झाला होता तोच.
आपल्याकडे तेव्हा त्याचं नाव पोचलं नव्हतं, एवढंच.

ती बघत राहिली. मग रडली,
ओझं उतरवल्यावर माणूस बसतं तशी
थोडा वेळ नुसती बसली.

उठताना म्हणाली, पण त्यांना कुठून झाला?
ते तर कुठे गेलेच नव्हते,
तुमच्या भाटीशिवाय.

सहजच म्हणाली. वाकून चप्पल शोधत होती,
एक कुत्र्यानं ओढून नेली होती.
मी काजूंखाली उतरलो,
पाचोळ्यातून ती शोधून आणली,
झटकून तिच्या पायांपाशी ठेवली.